वायर शाबूत, जोड गेलेला : घराबाहेरच्या वीजजोडण्यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी

फाटकाची मोटर दमट हवेत अडते. बागेतले दिवे मिणमिणतात. कॅमेरा दिवसभर छान चालतो आणि नेमका रात्री बंद पडतो. अशा तक्रारींवर आम्ही जातो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं, वायरही शाबूत असते. बिघाड असतो तो दोन वायर जिथे एकमेकींना भेटतात त्या दोन बोटं जागेत. कॅमेऱ्याचंच घ्या. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढू लागतो. खराब जोडातून तेवढा करंट जाताना व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा मान टाकतो. लोक कॅमेरा बदलतात, जोड तसाच राहतो, आणि नवा कॅमेराही रात्री बंद पडतो.

आत काय होतं

लोखंड गंजतं, तांबं कळकतं, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. नावं वेगळी असली तरी गोष्ट एकच. धातूची हवा-पाण्याशी प्रक्रिया होऊन वर एक थर चढतो आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. जोडाचा रोध वाढतो, आणि जिथे रोध तिथे उष्णता. समजा, जोडात फक्त 0.1 ओहम रोध तयार झाला आणि त्यातून 16 अँपिअर करंट गेला, तर त्या एवढ्याशा जागेत जवळपास 25 वॅट उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटचं असतं. म्हणजे टेपच्या गुंडाळीत तापलेलं आयर्न ठेवल्यासारखंच झालं. तापल्यावर धातू फुगतो, थंड झाल्यावर आकसतो, स्क्रू सैल होतो. सैल जागेत आणखी हवा-पाणी शिरतं, रोध आणखी वाढतो. म्हणून असा जोड बरेच महिने कुरकुरत चालतो आणि मग एकदम जळतो.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मल्टिस्ट्रँड वायरच्या बारीक तारांमधून पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं. बाहेरून वायर कोरडी, पण इन्सुलेशन सोललं की वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. अशा काळ्या तांब्यावर नवा लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिम्प करण्यात, म्हणजे दाबून बसवण्यात, अर्थ नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापावी लागते. म्हणूनच आम्ही जोड झाकणाऱ्या बॉक्समध्ये मुद्दाम थोडी जास्त वायर सोडतो. ती पसारा नाही, पुढच्या दुरुस्तीची शिल्लक आहे. कृपया कापू नका.

दोन धातू आणि ओल

1800 मध्ये शास्त्रज्ञ व्होल्टाने तांबं आणि जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून पहिली बॅटरी केली. तांब्याची वायर आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर एकत्र पिळून उघड्यावर ठेवली की पावसात तीच बॅटरी आपोआप तयार होते. फरक एवढाच की इथे तिचा उपयोग काही नाही, खर्च मात्र अ‍ॅल्युमिनियमचा होतो. ते झिजत जातं, तांबं तसंच राहतं. त्यामुळे हे दोन धातू थेट पिळून जोडू नयेत. त्यासाठी एका बाजूला एक धातू आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असलेले बायमेटॅलिक लग किंवा कनेक्टर मिळतात. काही ठिकाणी कथिल चढवलेले तांब्याचे लगही चालतात.

अ‍ॅल्युमिनियम घासून चकचकीत केलं तरी हवेत क्षणात त्यावर पुन्हा थर येतो. म्हणून जोडावर आधी त्यासाठीचं कंपाउंड लावायचं आणि त्या कंपाउंडखालीच ब्रश फिरवायचा, म्हणजे हवा मध्ये येत नाही. आणखी एक बारकावा: तांब्यावरून ओघळलेलं पाणी अ‍ॅल्युमिनियमवर किंवा जस्त चढवलेल्या पत्र्यावर पडू देऊ नये. त्या पाण्यात विरघळून आलेलं तांबंही खालच्या धातूला खड्डे पाडतं. शक्य असेल तिथे अ‍ॅल्युमिनियम वर आणि तांबं खाली ठेवावं.

कॅमेरा, फाटकाचं कंट्रोल, सोलर अशा डीसी जोडण्यांत ओल शिरली की पॉझिटिव्ह बाजूची वायर आधी खाल्ली जाते, कारण करंटची दिशा कधी बदलतच नाही. कमी व्होल्टेज आहे म्हणून तिथला जोड कसाही केला तरी चालेल, हा समज त्यामुळेच महागात पडतो.

बॉक्स श्वास घेतो

‘बॉक्स तर वॉटरप्रूफ आहे, मग आत पाणी आलं कुठून?’ हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. दिवसा उन्हात बॉक्स तापतो, आतली हवा फुगून कुठूनतरी बाहेर पडते. संध्याकाळी किंवा अचानक आलेल्या सरीने तो थंड होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रबराच्या कडेवर त्या वेळी पाणी साचलेलं असेल तर हवेबरोबर तेही आत येतं. रोज थोडं थोडं करत तळाशी पाणी जमतं, आणि झाकण इतकं घट्ट असतं की ते बाहेरही जात नाही.

आमचं मत असं आहे की जमिनीवरच्या बॉक्समध्ये पाणी अजिबात येणार नाही असं धरून चालू नये. आलेल्या पाण्याला बाहेर जायची वाट ठेवावी. त्यामुळे आम्ही वायर नेहमी खालून आत घेतो, तिला आत शिरण्याआधी खाली झोळ देतो, म्हणजे ओघळणारं पाणी त्या झोळावरूनच गळून पडतं. तळाशी, बॉक्स बनवणाऱ्याने नेमून दिलेल्या जागी, पाणी बाहेर सोडणारा ड्रेन प्लग किंवा हवा ये-जा करू देणारा ब्रीदर बसवतो. ‘बॉक्सला भोक का पाडलं?’ असं विचारणारे ग्राहक भेटतात. त्यातल्या काहींनी ते सिलिकोनने बुजवून टाकलेलंही आम्ही पाहिलं आहे. जमिनीखाली किंवा पाण्यात राहणाऱ्या जोडाची गोष्ट निराळी. तिथे बॉक्स जेल किंवा रेझिनने पूर्ण भरतात, म्हणजे हवेलाच जागा उरत नाही.

बॉक्सवरच्या आयपी आकड्यांतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी44 म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी65 मध्ये धूळ शिरत नाही आणि सर्व बाजूंनी येणारी पाण्याची धारही सोसते. आयपी67 ठरावीक वेळ, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडवलं तरी टिकेल. पण हे आकडे ग्लँड, म्हणजे वायर बॉक्समध्ये शिरते तिथे तिला घट्ट आवळणारा भाग, योग्य मापाचा असेल तरच खरे. मोठ्या ग्लँडमधून बारीक वायर नेली की आयपी67 फक्त स्टिकरवर उरतो.

टेप, सिलिकोन, ग्रीस

साधी काळी पीव्हीसी टेप इन्सुलेशनसाठी आहे, पाणी अडवण्यासाठी नाही. उन्हात तिचा गोंद पातळ होतो, टोक सुटतं आणि आत शिरलेलं पाणी तीच धरून ठेवते. उघड्यावर आम्ही आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, वापरतो. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कडा बाहेर आलेली दिसली की स्लीव्ह नीट बसली. जिथे ती घालता येत नाही तिथे एकमेकांत मिसळणारी रबरी टेप ओढून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुंडाळतो. तिच्यावर उन्हापासून आडोसा म्हणून साधी टेप.

सिलिकोनच्या बाबतीत एक सूचना मनापासून: लावताना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते विजेच्या जोडाजवळ आणू नका. वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड निघतं, आणि तांबं वाचवायला लावलेलं सिलिकोनच तांबं खातं. ‘न्यूट्रल’ प्रकारचं सिलिकोन घ्यावं.

सिलिकोन ग्रीस वीज वाहून नेत नाही, मग ते कनेक्टरमध्ये कशाला, असं वाटू शकतं. पिन घट्ट बसली की धातूला धातू टेकतो त्या जागेवरून ग्रीस बाजूला सरतं आणि भोवतीच्या फटी भरतं. काम एवढंच, पाण्याला जागा न ठेवण्याचं. मात्र पातळ थर पुरे. आधीच कळकलेल्या पिनेवर ग्रीस थापून काही होत नाही.

स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला सोल्डर लावू नये. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो. फेरूल (टोकावर चढवायची धातूची बारीक नळी) लावून क्रिम्प करावं.

अर्थिंगचा जोड

बाकी कोणताही जोड खराब झाला तर काहीतरी बंद पडतं, म्हणून कळतं. अर्थिंगचा जोड तुटला तरी सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं. तो गेल्याचं कळतं ते यंत्राच्या पत्र्यात वीज उतरल्यावर, हात लागल्यावर. आणि नेमका हाच जोड सगळ्यात ओल्या जागी असतो. अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, नुसतं बघून चालत नाही.

पाऊस लागला की आरसीसीबी (वीज कुठे झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर कुठल्यातरी जोडातून वीज ओलीत झिरपते आहे. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकायला सांगू नका, आम्ही काढणार नाही.

तुम्ही काय बघाल

बॉक्स उघडू नका, बाहेरूनच बघा. झाकणावर आतून धुकं, ग्लँडखाली हिरवा किंवा पांढरा ओघळ, रंग बदललेलं प्लास्टिक, मुंग्यांची ये-जा, जळका किंवा माशासारखा वास. वास आला तर मेन बंद करून आम्हाला बोलवा, बाकी गोष्टींचा फोटो पाठवला तरी चालेल. फोटोत बॉक्सची खालची बाजू यायला हवी, कारण तिथूनच निम्मं निदान होतं. प्रत्येक बॉक्सच्या झाकणाच्या आत आम्ही जोड केल्याची तारीख, वायरचं माप आणि स्क्रू शेवटचे कधी आवळले ते लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलंत तर त्यालाही खाली एक ओळ लिहायला सांगा.