जागा आहे, पण फाइल बसत नाही

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत आत्तेभावाने नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या सात उंच काठ्यांच्या, मिरवणुकीचं शूटिंग केलं. सहा जीबीची एकच फाइल. आत्याला ती टीव्हीवर बघायची होती, म्हणून ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. कॉपी होईना. 'फाइल फार मोठी आहे' एवढंच उत्तर.

"अरे, सगळा रिकामाच आहे की हा!" आत्या म्हणाली.

तिचं खरं होतं. अडचण जागेची नव्हती, नोंदीची होती. कुठली फाइल पेनड्राइव्हच्या कोणत्या कप्प्यांत ठेवली आहे, याची नोंदवही पेनड्राइव्हवरच असते. ती लिहायची पद्धत म्हणजे फॉरमॅट. आमचा पेनड्राइव्ह फॅट३२चा होता. ही पद्धत १९९६ची. तिच्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचाच (बिट म्हणजे शून्य किंवा एक लिहायची एक जागा) रकाना आहे आणि त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्ह कितीही मोठा घ्या, रकाना तेवढाच राहतो.

मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये आणलेल्या एक्सफॅट या पद्धतीत हा रकाना ६४ बिटांचा झाला. विंडोज आणि मॅक दोन्हींवर त्यात वाचताही येतं, लिहिताही येतं. आज नवा पेनड्राइव्ह घेतला तर मी डोळे झाकून एक्सफॅटच करेन. एनटीएफएस ही तिसरी पद्धत त्याहून जुनी, १९९३ची, पण एका बाबतीत भक्कम: नोंदवहीत बदल करण्याआधी ती तो बदल वेगळा टिपून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी नोंदवही सावरता येते. मात्र मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहू देत नाही. एक्सफॅटला असं टिपण नाही, म्हणून कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह उपसू नका. हे मी घरात सगळ्यांना सांगत असतो.

फॉरमॅट बदलण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण बदलताना ते पुसलं जातं. सध्या कोणता आहे हे विंडोजवर पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसतं.

आम्हाला मात्र बदलता आला नाही. आत्याचा टीव्ही जुना, त्याला फॅट३२च कळतं. पेनड्राइव्ह शेवटी ज्या यंत्राला लावायचा, त्याचं ऐकावंच लागतं. मग शूटिंगमध्ये जिथे अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) सुरू होतो, त्याच्या आधी फाइल कापली. तीन-तीन जीबीचे दोन तुकडे झाले आणि टीव्हीने दोन्ही दाखवले. सातही काठ्या एका ओळीत दिसल्या तेव्हा आत्याने बसल्या जागी हात जोडले.