लांब फिन घेण्याआधी: पाऊल आधी, पातं नंतर

आमचा मूळ धंदा फायबरग्लासचा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) शेडमध्ये कारखान्यांसाठी झाकणं, डक्ट, छोट्या टाक्या बनवतो. फिन्सच्या, म्हणजे बुडी मारताना पायात घालायच्या पात्यांच्या, नादी लागलो ते एका गिऱ्हाइकामुळे. तडकलेलं पातं घेऊन आले, म्हणाले, "टाकी जोडता ना, मग हे पण जोडा." जोडलं, आणि झकास जोडलं. महिन्याभरात ते परत आले: आमचा जोड शाबूत, पातं त्याच्या दोन इंच पुढे मोडलेलं. टाकीला ताठपणा लागतो, पात्याला वाक लागतो, एवढी साधी गोष्ट आम्हाला त्या दिवशी कळली. आता पाती बनवतो, धारा दुरुस्त करतो आणि प्लास्टिक, फायबरग्लास, कार्बन अशा तिन्ही प्रकारच्या लांब फिन्स ठेवतो.

समुद्र नसलेल्या बडोद्यात हे दुकान कशाला, असं सगळेच विचारतात. इथली माणसं सुट्टीत मालवणला, नेत्राणीला, अंदमानला जातात आणि तिथे दुसऱ्याच्या मापाच्या फिन्स भाड्याने घेतात, म्हणून. (नवीन फिन तपासायला विश्वामित्री नदीत उतरू नका. मगरी कुणाचं माप घेत नाहीत.)

स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणाऱ्याची, फिन आखूड असते. दम धरून बुडी मारणाऱ्याची फिन पायापासून टोकापर्यंत साधारण ८० ते १०० सेंटिमीटर भरते. कारण सरळ आहे: पाठीवर टाकी नाही, छातीत आहे तेवढीच हवा. पहिले दहा मीटर शरीर वर तरंगू बघतं, तिथे पाय मारावेच लागतात. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत दबते आणि मग हळूहळू शरीर आपोआप खाली जाऊ लागतं. जाताना ते बरं वाटतं, परतताना तेवढंच ओझं वर ओढायचं असतं. त्या वेळी मांडीचा मोठा स्नायू जितका कमी राबेल तितका दम पुरतो. चांगली फिन घ्यायची ती यासाठी, वेगासाठी नाही.

आता पाऊल. गिऱ्हाईक शेडमध्ये शिरलं की थेट कार्बनच्या पात्यावर बोट ठेवतं, आणि आम्ही त्यांना स्टुलावर बसवून मोजे घालायला सांगतो. पाऊल ज्यात जातं त्या रबरी भागाला फूट पॉकेट म्हणतात. ते ढिलं असेल तर टाच आत-बाहेर होते, कातडी सोलते आणि तुमचा अर्धा जोर रबरातच जिरतो. घट्ट असेल तर तळव्यात पेटका येतो, तोही नेमका खाली असताना. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. निओप्रिनचे (फुगीर रबराचे) मोजे जे पाण्यात वापरणार तेच घाला. दीड मिलिमीटर आणि तीन मिलिमीटरच्या मोज्यांत अख्ख्या नंबरचा फरक पडू शकतो. मग पाय हवेत उचलून जोरात झटका. टाच सुटली तर मोठी आहे. दहा मिनिटं तशीच घालून बसा, आम्ही चहा मागवतो. अंगठा बधिर झाला तर लहान आहे. आपल्याकडे पुष्कळांचे पंजे पुढून रुंद असतात आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांचे साचे अरुंद, तेव्हा नुसता बुटाचा नंबर सांगून ऑनलाइन मागवू नका.

पात्यांचे प्रकार तीन. प्लास्टिक जड, स्वस्त आणि दगडाला न घाबरणारं. पण त्याची उसळी कमी आणि उन्हात ते वाकतं. फायबरग्लास मधलं. कार्बन सगळ्यात हलकं, पाय थांबताच लगेच सरळ होणारं, आणि किमतीला प्लास्टिकच्या तीन-चार पट सहज. कार्बनचा धागा काचेच्या धाग्यापेक्षा सुमारे तिप्पट ताठ असतो, म्हणून कमी थरांत काम भागतं. पण 'महाग म्हणजे टिकाऊ' हे इथे लागू नाही. पातळ कार्बन वाक भरपूर सोसतं, खडकाची टोकदार ठोकर सोसत नाही. मासे मारायला भाला घेऊन कपारींत शिरणाऱ्याला आम्ही फायबरग्लास किंवा चक्क प्लास्टिक देतो, भले आमचा नफा कमी होवो. दोरीला धरून सरळ खाली-वर जाणाऱ्याने कार्बन खुशाल घ्यावं.

पातं कुठूनही घ्या, पण एक परीक्षा कराच. टोक रबरी चटईवर टेकवा, फूट पॉकेट हातात धरून हलकेच दाबा आणि बाजूने बघा. चांगलं पातं धनुष्यासारखं एकसारखं वाकतं, कारण टोकाकडे थर कमी करत नेलेले असतात. एकाच जागी बिजागरीसारखं मोडत असेल तर ठेवून द्या. मग कापसाचा बोळा दोन्ही धारांवरून फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे बारीक चीर आहे. फायबरग्लासवर पांढुरका डाग दिसला तर आत थर सुटायला लागलेत.

ताठपणाबद्दल थोडक्यात: शंका असेल तर सॉफ्ट, म्हणजे सहज वाकणारं पातं. प्रत्येक कंपनीचं सॉफ्ट वेगळं असतं, तेव्हा पात्यावर छापलेल्या अक्षरांवर जाऊ नका, हाताने वाकवून बघा. साठ-पासष्ट किलोचा माणूस हार्ड पाती घेऊन गेला की गुडघ्यातून सायकल मारायला लागतो. पाय कमरेतून हलला पाहिजे.

सांभाळायचं कसं? गोड्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा, आडवी ठेवा. एका काकांनी प्लास्टिकच्या फिन्स मे महिन्यात गच्चीवर टोकांवर उभ्या ठेवल्या होत्या. आणल्या तेव्हा टोकं जिलबीसारखी वळलेली. बंद गाडीतही ठेवू नका. फिन घालून चालायचं नाही, चालावंच लागलं तर उलट पावली. तरणतलावाच्या भिंतीला फिनने रेटा देऊ नका, फरशीने धार उडते. लालबाग किंवा सरदारबागच्या तलावात सराव करायचा असेल तर लांब फिन चालते का, ते आधी विचारा.

भालावाल्यांसाठी आणखी दोन शब्द. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य. तिथे भाला घेऊन उतरायचा विचारही नको. इतरत्रही जाण्याआधी वनखात्याला आणि मत्स्यखात्याला विचारा. आणि एकट्याने बुडी नाही, कधीच नाही. शुद्ध बहुधा वर येताना, पृष्ठभागाजवळ हरपते, आणि त्या क्षणी सोबत्याचा हात लागतो. ज्यांना सोबती नाही त्यांना आम्ही फिन विकतो, पण आधी प्रशिक्षण घ्या म्हणून डोकंही खातो.

दुरुस्तीत धारेचे टवके, सैल झालेलं फूट पॉकेट आणि गंजलेले स्क्रू (त्याजागी ३१६ ग्रेडचे स्टेनलेस) एवढंच घेतो. आडवं मोडलेलं पातं जोडून देत नाही, ते का ते वर सांगितलंच आहे. येताना मोजे आणा आणि आधी फोन करा. रेझिन (धागे चिकटवणारी राळ) कालवलेलं असलं की आमचे हात अर्धा तास मोकळे नसतात.