क्रीट बेटावर सहकुटुंब सुट्टी: शेंगेन व्हिसाचा अर्ज नेमका कुठे अडतो

ग्रीसच्या क्रीट बेटावर आठ-दहा दिवस जायचं म्हणून अर्ज करणाऱ्या कुटुंबांना नकार आला की पहिली प्रतिक्रिया असते, "खात्यात पैसे होते, दोघांना नोकरी आहे, मग का नाकारलं?" बहुतेक वेळा प्रश्न पैशांचा नसतोच. तारखा एकमेकींशी जुळत नाहीत किंवा घरातल्या माणसांचं नातं कागदावर सिद्ध होत नाही. अधिकारी तुम्हाला भेटत नाही, त्याच्यासमोर फक्त तुमची फाईल असते. म्हणून खाली सोप्या गोष्टी थोडक्यात आणि अडणाऱ्या गोष्टी सविस्तर सांगतो.

आधी सोपं. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे लागतो तो अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा. सर्वाधिक रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल, त्या देशाकडे. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचा सेवाशुल्क वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मोठ्यांचे एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी आणि शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने वैध असावा. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, तेव्हा त्यांची तारीख आधी बघा.

आता मुदतीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मर्यादा १५ दिवसांची आहे. हे "१५ दिवस" वाचून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. निर्णयासाठीही १५ दिवसांचीच मुदत असते, पण ती मोजायला सुरुवात होते ती पूर्ण अर्ज स्वीकारला गेल्यापासून, अपॉइंटमेंट घेतल्यापासून नव्हे. शिवाय अधिक तपासणी हवी वाटली तर हीच मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते, आणि ते नियमात बसतं. मे महिन्याच्या सुट्टीसाठी सगळा महाराष्ट्र एकाच वेळी अर्ज करतो, त्यामुळे अपॉइंटमेंट मिळवण्यातच आठवडे जातात. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत फाईल तयार हवी. मुलांच्या परीक्षा संपल्यावर बघू म्हणणाऱ्यांना दरवर्षी विमानाच्या तारखा बदलाव्या लागतात.

क्रीटच्या अर्जात हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे रात्रींचा हिशेब. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून क्रीटवरच्या हेराक्लिओन किंवा हानियाला जाणारी बोट सहसा रात्री निघते आणि सकाळी पोहोचते. ती रात्र हॉटेलात नसते, म्हणून बुकिंगच्या कागदांत एक रात्र रिकामी दिसते. अर्ज तपासणाऱ्याला ते बोटीचं प्रकरण आपोआप कळणार नाही. बोटीचं आरक्षण जोडा आणि प्रवासाच्या आराखड्यात त्या तारखेसमोर "रात्रीचा बोट प्रवास" असं स्पष्ट लिहा. परतीचंही तसंच. अथेन्सहून विमान मध्यरात्रीनंतर सुटत असेल, तर हॉटेल १४ तारखेला सोडलं तरी तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता १५ तारखेला. अर्ज, विमा आणि रजेचं पत्र या तिन्हींत १५ तारीखच हवी. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू असायला हवं. एका दिवसाने कमी पडलेला विमा म्हणजे अपुरा विमा.

अर्जात शेंगेनमधला पहिला प्रवेश कोणत्या देशातून, हेही विचारतात. क्रीट ग्रीसमध्ये म्हणून लोक सरसकट ग्रीस लिहितात. पण फ्रँकफर्ट किंवा रोमला विमान बदलून पुढे जाणार असाल, तर प्रवेशाची तपासणी तिथेच होते आणि पहिला प्रवेश जर्मनी किंवा इटलीचा होतो. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ग्रीस बरोबर.

एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकू नका. क्रीटला जोडून ऱ्होड्स किंवा कोस या ग्रीक बेटांवर जाणाऱ्यांना समोर तुर्कीचा किनारा दिसतो, मार्मारिस आणि बोद्रुमच्या एका दिवसाच्या सहलीही विकल्या जातात. गेलात तर परत ग्रीसमध्ये येण्यासाठी दुसरा प्रवेश लागतो. तशी सहल करायचीच असेल तर अर्जातच अनेक प्रवेश मागा आणि आराखड्यात कारण लिहा.

मुलांच्या कागदांकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त धावपळ त्यांच्यामुळेच होते. रुग्णालयातून जन्माची नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे पुष्कळ जन्मदाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. शाळेत चालून गेलेला तो दाखला इथे चालत नाही. नाव चढवून नवा दाखला काढावा लागतो, तोही जन्म जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून. पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी झालं असेल तर ठाण्यात राहणाऱ्या कुटुंबाला सांगली किंवा जळगाव गाठावं लागतं, आणि तिथला बाबू "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो तेव्हा त्याला तुमच्या अपॉइंटमेंटशी काही देणंघेणं नसतं. एका ओळीच्या दुरुस्तीसाठी लोकांना असे हेलपाटे घालावे लागतात याचा मला खरोखर संताप येतो. ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतरही करून घ्या.

आईचं नाव ही दुसरी अडचण. जन्मदाखल्यावर लग्नानंतरचं नाव, तिच्या पासपोर्टवर माहेरचं. दोन्ही एकाच बाईची नावं आहेत हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पण मंगल कार्यालयात थाटात लागलेली कितीतरी लग्नं नोंदवलेलीच नसतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी नंतरही करता येते. लग्नपत्रिका आणि साक्षीदार जमवायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर न जाणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत हवी.

आजी-आजोबा बरोबर असले तर त्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न येतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांनी आयटीआर कधी भरलेलाच नसतो, आणि यादीत मात्र तो मागितलेला असतो. घाबरून त्यांना वगळू नका. सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याचं ऊसबिल किंवा बाजार समितीच्या पट्ट्या, पेन्शन असेल तर तिच्या नोंदी, हे सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडा. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर तसं पत्र, खर्च करणाऱ्याचं बँक स्टेटमेंट आणि आयटीआर, आणि नातं दाखवणारं, आई-वडिलांची नावं असलेलं त्याच्या पासपोर्टचं शेवटचं पान. मुलगा दुबईला आणि आई-वडील पुण्यात असतील तर प्रत्येकाने आपापल्या राहत्या ठिकाणाहून अर्ज करायचा. मात्र दोन्हीकडच्या आराखड्यांत तारीख, हॉटेल आणि खोल्यांची संख्या एकच असली पाहिजे.

पैशांबद्दल एकच कळकळीची सूचना. अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून चार लाख घेऊन खात्यात टाकू नका. स्टेटमेंटमध्ये ती रक्कम उठून दिसते आणि बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. नियमित पगार, बेताची पण स्थिर शिल्लक आणि जोडीला मुदत ठेवीची पावती यांचं वजन जास्त असतं. धंदा असेल तर जीएसटी किंवा गुमास्ता आणि धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट द्या.

काही एजंट "डमी तिकीट" आणि दुसऱ्या दिवशी रद्द होणारं हॉटेल लावून देतात. कृपा करून हे टाळा. पडताळणीत बुकिंग सापडलं नाही तर "दिलेली माहिती विश्वासार्ह नाही" या कारणाखाली नकार येतो, आणि तो डाग तुमच्या नावावर लागतो, एजंटच्या नाही. विमानाचं खरं आरक्षण पुरतं. व्हिसाआधी पूर्ण पैसे भरलेलं तिकीट असण्याची सक्ती नाही. निःशुल्क रद्द करता येणारं हॉटेल चालतं, फक्त निर्णय येईपर्यंत ते जिवंत ठेवा.

व्हिसा मिळाला की स्टिकर नीट वाचा. "पासून–पर्यंत" या तारखांमध्ये महिनाभराचं अंतर असलं तरी खाली मुक्कामाचे दिवस वेगळे दिलेले असतात. तिथे १० लिहिलं असेल तर १० च दिवस राहता येतं, आणि येण्याचा व जाण्याचा दोन्ही दिवस त्यात धरतात. घरातल्या प्रत्येकाचा स्टिकर वेगळा तपासा, कारण अर्जही प्रत्येकाचा वेगळा असतो आणि निर्णयही.

नकार आलाच तर सोबतच्या छापील पत्रात कोणत्या कारणावर खूण आहे ते पाहा. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं तेही त्याच पत्रात असतं. एखादा कागद राहून गेला असेल तर नव्याने अर्ज करणं बहुधा जास्त सोयीचं, आणि त्यावर बंदी नाही. पण आधीच्या नकाराची नोंद शेंगेनच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते. तेव्हा तीच फाईल पुन्हा देऊ नका. काय बदललं ते सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगा.

हॉटेल, बोट, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सीमेवरचा अधिकारी त्या मागू शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे आणि चेहऱ्याची नोंद करणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि पहिल्या नोंदीला वेळ लागतो. लहान मुलं आणि वृद्ध बरोबर असतील तर अथेन्सला उतरल्यावर क्रीटचं पुढचं विमान किमान तीन-चार तासांच्या अंतराने घ्या.