देवघर : मराठी घरातील दैवतमंडळ

देवघर : घरातील देवांची जागा आणि तिथे एकत्र नांदणारी दैवते. लाकडी देव्हारा असो की भिंतीतला कोनाडा, मराठी घरात त्यात एकटा देव सहसा सापडत नाही. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुलस्वामीचे टाक, लग्नात सुनेबरोबर आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, गणपती, शंख, घंटा आणि कुणीतरी यात्रेहून आणलेली तसबीर, अशी दाटी असते. नवख्याला ती अडगळ वाटते. पूजा करणाऱ्याला मात्र कोण कुठून आले आणि कुणाचे काय द्यायचे आहे, हे तोंडपाठ असते.

या देवांशी असलेली नाती वेगवेगळी असतात. कुलदैवत वंशाने येते, ते निवडता येत नाही. कुलस्वामी आणि कुलस्वामिनी अशी ती जोडी असते, उदा. जेजुरीचा खंडोबा आणि तुळजापूरची भवानी. ग्रामदैवत जमिनीचे असते, गावात राहणाऱ्या सगळ्यांचे. इष्टदैवत ज्याच्या त्याच्या मनाचे. म्हणूनच गळ्यात तुळशीची माळ घालून आषाढीला पंढरपूर गाठणारा माणूस चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतो आणि शिमग्याला पालखीसाठी कोकणातल्या गावीही जातो. त्यात त्याला विसंगती दिसत नाही, कारण ही तीन वेगळी देणी आहेत. ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ (ऋग्वेद १.१६४.४६) हे वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते. पण देव एक की अनेक, हा वाद घरात क्वचितच निघतो. कुणाचे काय राहिले, याची चर्चा मात्र नेहमी होते.

टाक : कुलदैवतांचे छाप उमटवलेले चांदीचे छोटे पत्रे. सोनार पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवतो आणि मागे बहुधा तांब्याचा पत्रा जोडतो. खंडोबाच्या टाकावर घोडा, हातात खड्ग, पाठीशी म्हाळसा आणि पायाशी कुत्रा असतो. भवानीच्या टाकावर महिषासुरमर्दिनी. काही घरांत लढाईत पडलेल्या पूर्वजाचा ‘वीर’ही याच रांगेत बसतो, म्हणजे देव आणि पितर यांच्यातली रेघ इथे फार ठळक नाही. पाटावर लाल वस्त्र घालून टाक ओळीने मांडतात. दसऱ्याच्या आधी ते उजळून घेतात. टाक झिजण्याचे मुख्य कारण मात्र भक्तीच असते : रोज चिंच किंवा राख लावून घासल्याने आधी नाक जाते, मग चेहरा सपाट होतो, आणि घोडा तेवढा ओळखू येतो. अभिषेकाचे पाणी दोन पत्र्यांच्या सांध्यात राहिले तर हिरवा कळंक चढतो, म्हणून मऊ कापडाने टिपून मगच टाक जागेवर ठेवावेत. नवे टाक केले की ते मूळ क्षेत्री नेऊन देवाला भेटवून आणण्याची रीत आहे.

पंचायतन : विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य या पाच देवतांची एकत्र पूजा. पुष्कळ घरांत मूर्तींऐवजी खडेच पूजतात : विष्णूचा गंडकीतला शाळिग्राम, शिवाचा नर्मदेतला बाण (लिंगाच्या आकाराचा गोटा), गणपतीचा तांबडा पाषाण, देवीची सोनेरी छटेची धातुशिला, सूर्याचा स्फटिक. आपले उपास्य मध्ये आणि उरलेले चार कोपऱ्यांना, हा नियम. कोपरे ईशान्येपासून प्रदक्षिणाक्रमाने मोजायचे. शिव मध्ये असेल तर विष्णू, सूर्य, गणपती, देवी. विष्णू मध्ये असेल तर शिव, गणपती, सूर्य, देवी. चूक इथेच होते. शिवपंचायतनाचे विष्णुपंचायतन करताना लोक मधला आणि ईशान्येचा खडा तेवढा बदलतात. सूर्य आणि गणपती यांचीही जागा बदलते, हे विसरतात. गणपती मध्ये घेतल्यास क्रम विष्णू, शिव, सूर्य, देवी असा, आणि देवी मध्ये असल्यास विष्णू, शिव, गणपती, सूर्य असा.

पाचही जण एकाच ताम्हनात असले तरी आवडीनिवडी सुटत नाहीत. विष्णूला अक्षता चालत नाहीत, गणपतीला तुळस चालत नाही (भाद्रपदातल्या चतुर्थीचा अपवाद), देवीला दूर्वा नको, सूर्याला बेल नको. त्यामुळे तबकातले सगळे मुठीने उचलून सगळ्यांवर उधळणे ही पूजा नव्हे, उरकणे होय. तुळस शाळिग्रामावर, बेल बाणावर, दूर्वा गणपतीवर, असे एकेक ठेवत जावे लागते. पाच देव वेगळे आहेत हे पोथीपेक्षा या बोटांच्या सवयीतून अधिक कळते. उलट, ते एकत्र असण्याचाही उपयोग आहे. एरवी शिवावरून उतरलेले निर्माल्य आणि तीर्थ घेत नाहीत. शाळिग्रामाच्या सान्निध्यात ते ग्राह्य मानतात.

संख्येलाही बंधन आहे. घरी दोन शिवलिंगे, दोन शाळिग्राम, दोन शंख, तीन गणपती एकत्र पुजू नयेत, आणि मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतच असावी, असा परंपरेचा संकेत आहे. भेट म्हणून आलेल्या गणपतींमुळे हल्ली तो सर्वांत आधी मोडतो. जास्तीच्या मूर्ती शोभेच्या म्हणून दिवाणखान्यात ठेवणे ही रुळलेली पळवाट.

कुळाचार : प्रत्येक दैवताचा दिवस आणि ताट ठरलेले असते. खंडोबाचे षड्रात्र मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला बसते आणि षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, उठते. नैवेद्य वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा; चातुर्मासात सोडलेली वांगी आणि कांदा त्या दिवसापासून पुन्हा सुरू. तळीसाठी ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, भंडारा आणि नाणे ठेवून ३, ५ किंवा ७ जण ते धरतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’च्या गजरात उचलतात. देवीला पुरण. लग्नानंतर कुणाकडे देवीचा गोंधळ, कुणाकडे खंडोबाचे जागरण, कोकणस्थांत बोडण (सुवासिनींनी पुरण आणि पंचामृत कालवून केलेली देवीची पूजा). म्हसोबा, मरीआई यांचा मान बहुधा घराबाहेर किंवा शिवेवर देतात. त्यांना देव्हाऱ्यात आणत नाहीत.

देवाचा अनुभव म्हणून लोक जे सांगतात, ते बहुधा याच देण्याघेण्यातले असते : नवस फळला, स्वप्नात दृष्टांत झाला, कौल मिळाला. कौल घेण्यासाठी कोकणात आणि गोव्यात देवाच्या पाषाणावर तांदूळ किंवा पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घालतात. बहुतेक ठिकाणी उजवी कळी (त्या बाजूला चिकटवलेला दाणा किंवा पाकळी) पडली तर होकार मानतात. प्रश्न हो-नाही असाच लागतो. ‘घराचे बरे होईल का’ असे मोघम विचारणाऱ्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ प्रत्येक भाऊ आपल्या सोयीने लावतो. आजारपण आले की ‘कुळाचार राहिला’ हे निदान पटकन निघते आणि त्याच्या आडून पैसे उकळले जातात. राहिलेला कुळाचार पूर्ण करायला मध्यस्थ लागत नाही, आणि आजाराला डॉक्टर लागतो.

वाटणी आणि स्थलांतर : भाऊ वेगळे झाले की मूळ टाक थोरल्याकडे राहतात, धाकटे नवे घडवतात किंवा सणाला थोरल्या घरी जातात. परगावी टाक नसतील तर सुपारीवर आवाहन करून भागवतात. कुलदैवतच ठाऊक नसेल तर आधी भाऊबंदांकडे, मग मूळ गावच्या गुरव-उपाध्यांकडे चौकशी करावी. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत पिढ्यांची नावे आणि मूळ गाव सापडू शकते. जाताना निदान आजोबा-पणजोबांची नावे हाताशी असावीत. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करतात. शाळिग्राम मात्र भंगला तरी पूज्य राहतो, आणि त्याला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही.