निरोगी हाताला सलाईन

सलाईन लावतात ते आजारी माणसाला. २०१६ पासून मात्र दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, पेरू, ब्राझील, अमेरिका अशा देशांतली ४,६०० हून अधिक धडधाकट माणसं दर आठ आठवड्यांनी संशोधन केंद्रात येऊन हात पुढे करत होती. असं दहा वेळा. त्यांत आफ्रिकेतल्या सात देशांतल्या १,९२४ स्त्रिया होत्या. एचआयव्हीची लागण टाळता येते का, हे पाहणारी ही चाचणी होती. कुणाच्या बाटलीत 'व्हीआरसी०१' हे प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारं प्रथिन, कुणाच्या बाटलीत नुसतं सलाईन, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्याही सगळ्यांना खुल्या होत्या. प्रयोगासाठी कुणाला उघड्यावर सोडलं नव्हतं.

लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते. इथे ती तयारच करून दिली. व्हीआरसी०१ मूळ सापडलं एचआयव्हीसह जगणाऱ्या एका माणसाच्या रक्तात, आणि २०१० मध्ये ते जगासमोर आलं. त्याची जनुकं हॅमस्टरच्या पेशींत घालून, त्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून ते हवं तेवढं बनवता येतं. एचआयव्ही सतत रूप पालटतो, पण आपल्या पेशीला पकडायची त्याची जागा त्याला फारशी बदलता येत नाही. बदलली तर पेशीत शिरणार कसा? व्हीआरसी०१ नेमकं तिथेच जाऊन बसतं.

२०२१ मध्ये निकाल आला. एकूण लागण काही लक्षणीय कमी झाली नव्हती. पण ज्यांना लागण झाली त्यांचे विषाणू प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा खरी गोष्ट कळली. जे विषाणू या प्रतिपिंडाच्या अगदी थोड्या मात्रेला नमतात, त्यांची लागण ७५ टक्क्यांनी घटली होती. मात्र चाचणीच्या भागांत असे विषाणू जेमतेम ३० टक्के.

याला फसलेली चाचणी म्हणणं मला अजिबात पटत नाही. प्रतिपिंड माणसात एचआयव्ही अडवू शकतं आणि त्यासाठी ते किती जोरकस हवं, हे पहिल्यांदा आकड्यांत कळलं ते या लोकांमुळेच. म्हणून आता दोन-तीन प्रतिपिंडं एकत्र देऊन पाहतात. एकातून निसटलेला विषाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा म्हणून. शिवाय प्रतिपिंडाच्या रचनेत दोनच छोटे बदल केले, तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला १५ ऐवजी सुमारे ७१ दिवस लागतात. हेही कळलं ते निरोगी माणसांनी महिनोन्महिने येऊन रक्त दिलं म्हणून.