मे महिन्यातला जड बर्फ

१९ मे २०२२ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरमध्ये पारा तीस अंशांच्या वर होता. आमच्या गल्लीतली मुलं अर्ध्या चड्डीत सायकली पळवत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस सुरू झाला, रात्री त्याचा बर्फ झाला आणि शनिवारी पहाटे मला जाग आली ती फांदी मोडण्याच्या आवाजाने. वाळकी काटकी कट्‌कन मोडते तसा तो आवाज नव्हता. ओल्या लाकडाचे तंतू एकेक करून सुटत जावेत तशी लांबलेली करकर ऐकू आली, आणि मग धप्प. वीज गेलेली होती. कोपऱ्यावरचं मोठं झाड तारांसकट रस्त्यावर आडवं झालं होतं, म्हणजे दिवसभर घरातच बसणं आलं.

रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना बर्फाचं नवल नाही. हिवाळ्यात कधीकधी याहून जास्त बर्फ पडतो आणि झाडं निमूटपणे उभी राहतात. मग याच बर्फाने ती का मोडावीत?

अंगणात माझं पर्जन्यमापक आहे. अमेरिकेत घरोघरी पाऊस आणि बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं 'कोकोराझ' नावाचं जाळं आहे. जुलै १९९७मध्ये इथल्याच फोर्ट कॉलिन्स गावात ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला. गावाच्या एका टोकाला केवढा कोसळतोय याचा दुसऱ्या टोकाला पत्ता नव्हता. त्या अनुभवातून १९९८ साली हे काम सुरू झालं. बर्फ मोजायची रीत सोपी आहे. मापकाचं बाहेरचं नळकांडं सपाट फळीवरच्या बर्फात उलटं दाबायचं आणि खालून पत्रा सरकवून आतला बर्फ अलगद उचलायचा. मी पत्र्याऐवजी स्वयंपाकघरातलं उलथणं वापरते. तो बर्फ वितळवून पाणी मोजायचं, झालं.

त्या सकाळी फळीवर १८ सेंटिमीटर बर्फ होता. गॅस काडीने पेटवून मी त्यावर पाणी कोमट केलं, मोजून नळकांड्यात ओतलं, बर्फ विरघळल्यावर तेवढं वजा केलं. उरलं ३ सेंटिमीटर पाणी. सहास एक! कडाक्याच्या थंडीतल्या भुसभुशीत बर्फात हेच प्रमाण पंधरास एक, कधी वीसास एक असतं. ३ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ३० किलो. पन्नास चौरस मीटरच्या अंगणावर दीड टन, म्हणजे गव्हाची पन्नास किलोची तीस पोती.

हे वजन येतं उबेतून. शून्य अंशाच्या आसपासची हवा उणे पंधरा अंशांच्या हवेपेक्षा साधारण तिप्पट बाष्प धरते. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या ढगात मुळात पाणीच जास्त असतं. शिवाय शून्याजवळ हिमकणांवर पाण्याचा अगदी पातळ थर राहतो. कण एकमेकांना चिकटतात आणि पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यांसारखे खाली येतात. कडक थंडीतला कोरडा बर्फ वाऱ्याने फांदीवरून उडून जातो, हा मात्र पिठासारखा थापून बसतो. आणि मे महिन्यात झाडाला पानं असतात. निष्पर्ण फांदी बर्फाला खाली सोडते, पानांनी भरलेली फांदी ओंजळ धरते.

पण आदल्या दिवशी एवढं ऊन असताना थंडी आली कुठून? उत्तरेकडून थंड हवा आली होतीच, उरलेलं काम त्या पावसानेच केलं. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. इथली हवा कोरडी. तिच्यातून पडताना थेंबांचा काही भाग वाफ होऊन जातो आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ६०० कॅलरी उष्णता लागते. ती भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते. वरून येणारा बर्फ वितळतानाही ग्रॅममागे ८० कॅलरी खेचतो. सर जितकी जोरदार, तितकी हवा लवकर शून्याला टेकते आणि मग पाऊस थांबून बर्फ जमिनीपर्यंत पोचतो.

वाऱ्याची दिशा मला सगळ्यात विलक्षण वाटते, कारण ती मला थेट सह्याद्रीत नेते. एरवी इथे वारा पश्चिमेकडून पर्वत ओलांडून येतो आणि उतरताना कोरडा होतो. डेन्व्हर म्हणजे पर्जन्यछायेतलं गाव. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, तसंच. पण वसंतात कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की वारे त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतात आणि डेन्व्हरला पूर्वेकडून येऊन धडकतात. मेक्सिकोच्या आखातातलं बाष्प हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून येतं, डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं. त्या दिवशी पाचगणीचं महाबळेश्वर होतं. १७ ते १९ मार्च २००३च्या वादळात याच रीतीने डेन्व्हरमध्ये ८० सेंटिमीटर बर्फ पडला आणि विमानतळाचं तंबूसारखं कापडी छत त्याच्या भाराने एका जागी फाटलं.

दुपारी मी कुंच्याने लायलॅकच्या, म्हणजे अंगणातल्या फुलझुडपाच्या, फांद्यांवरचा बर्फ काढला. खालून वर हलकेच उचलायचं; वरून झोडपलं तर वाकलेली फांदी हमखास मोडते. तारांजवळच्या फांद्यांना हातच लावायचा नाही. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारा नळ बर्फाने बुजला नाही ना, हेही पाहिलं. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो, आणि त्याला वास नसतो. हे काम कुणी उद्यावर टाकू नये.

ढगांआडूनही मे महिन्याचा सूर्य होता. तो जुलैअखेरच्या सूर्याइतकाच प्रखर असतो. डांबरी रस्ता तापलेला असल्याने त्यावर बर्फ टिकलाच नाही, नुसता काळा ओला राहिला. शेजारचं गवत पांढरंशुभ्र होतं, कारण ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. पण कडेने, जिथे माती उघडी पडली होती, तिथून वितळणं सुरू झालं आणि पन्हाळीतून पाण्याची धार लागली.

संध्याकाळी साताऱ्याहून आईचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ उजाडली होती. बर्फाचे सेंटिमीटर सांगितले तर तिला काही बोध होईना.

"पाण्यात सांग गं. पेपरात पाऊस देतात तसा."

"तीस मिलिमीटर, आई."

"मग एक चांगला वळीवच झाला की," ती म्हणाली. "भुईत मुरला का?"

मी दार उघडून पाहिलं. लायलॅकच्या बुडाशी माती काळी झाली होती. बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल होती.