ऑइल स्वस्त चालेल, धूळ चालणार नाही

द्राक्षबागेत फिरणाऱ्या १८ ते २८ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं असलं की दुकानात दोनच गोष्टी विचारल्या जातात: लिटर कसं दिलं आणि कंपनी कुठली. आधी पैशांचं बघू. समजा संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, ३.५ लिटर ऑइल मावतं आणि महागाच्या डब्याला लिटरमागे १५० रुपये जास्त पडतात. एका बदलाला ५२५ रुपये वाढले. बदल २५० तासांनी असेल तर तासाला २ रुपये १० पैसे. दिवसभर फवारणीचा ब्लोअर चालवला तरी फरक एक-दोन चहांचा. म्हणून महागाचा हट्ट नको आणि स्वस्तातलं स्वस्त हुडकण्याची धडपडही नको. बघायच्या त्या डब्यावरच्या दोन बारीक ओळी.

पहिली ओळ घट्टपणाची. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते. २०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० गरम इंजिनात सारख्याच पट्ट्यात बसतात, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक). निफाडला जानेवारीत पारा ५-६ अंशांवर आला तरी दोन्ही ऑइलं सकाळी वाहतात. १५डब्ल्यू बेअरिंगपर्यंत जरा लवकर पोचतं, इतकंच. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर बिनधास्त वापरा.

दुसरी ओळ दर्जाची. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. तिच्या वर्गवारीत डिझेल इंजिनाच्या ऑइलची नावं ‘सी’ने सुरू होतात: सीएफ-४ (१९९०), सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२). सीएफ-४ एपीआयने कधीच कालबाह्य ठरवलंय, पण आपल्याकडे ट्रॅक्टर आणि पंपसेटच्या नावाने ते अजून सर्रास विकलं जातं. थोडे पैसे टाकून सीएच-४ किंवा सीआय-४ मिळत असेल तर तेच घ्यावं, कारण त्यात काजळी पेलण्याची ताकद जास्त असते. सीके-४ पर्यंत जायची गरज नाही. ते एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असलेल्या इंजिनांना डोळ्यांसमोर ठेवून आलं. मोटरसायकलचं उरलेलं ऑइल मात्र डिझेल इंजिनात ओतू नका. आणि बिननावाचं सुटं ऑइल तर फुकट मिळालं तरी नको. त्यात मल्टिग्रेडसाठी, म्हणजे थंडीत वाहावं आणि गरम झाल्यावर घट्ट राहावं म्हणून, घातलेलं पॉलिमर हलकं असलं तर काही तासांतच तुटतं, आणि डब्यावरचं ४० संपमध्ये ३० होऊन बसतं.

योग्य ग्रेडचं साधं ऑइल आपलं काम किती चोख करतं, हे १८८३ मध्ये लंडनला बोचँप टॉवर या इंजिनिअरच्या प्रयोगात दिसलं. रेल्वेच्या आसाची बेअरिंग तपासताना त्यांनी वरून ऑइल घालण्यासाठी तिला भोक पाडलं, तर ऑइल आत जाण्याऐवजी त्या भोकातूनच उसळून वर आलं. बूच मारलं, तेही वर ढकललं गेलं. शेवटी दाबमापक लावला, तर काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड. फिरता आसच ऑइलला बेअरिंगच्या फटीत ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. तुमच्या ट्रॅक्टरचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, तोही असाच तरंगत असतो. फिरता असेपर्यंत धातूला धातू जवळजवळ लागतच नाही.

पण हा थर अगदी पातळ असतो, भार असताना काही मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केस साधारण ७० मायक्रॉनचा. आता १० मायक्रॉनचा मातीचा कण या फटीत शिरला की तो दोन्ही बाजूंना घासणारच. मातीतली क्वार्ट्‌झ, फेल्डस्पारसारखी खनिजं लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या) बिडापेक्षा कितीतरी कठीण. २०-२५ मायक्रॉनच्या वरचे कण ऑइल फिल्टर बऱ्यापैकी पकडतो, बारीक बरेचसे सुटतात. कण थरापेक्षा मोठा असेल तर जगातलं सगळ्यात महाग ऑइलही तिथे हात टेकतं.

ही धूळ येते हवेच्या वाटेने. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कोरड्या बागेत रोटाव्हेटर मारताना ट्रॅक्टर स्वतःच उडवलेल्या ढगात चालतो. त्या दिवसांत एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीपर्यंतचा) रबरी पाइप काढा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं कोरडं आणि स्वच्छ निघायला हवं. मातकट रेघ उमटली तर क्लिप ढिली आहे, पाइप घडीत चिरला आहे किंवा फिल्टरचं रबर नीट बसत नाही. तीस-चाळीस रुपयांची क्लिप. ती ढिली राहिली तर पिस्टनची वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग झिजतो, ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर टाकू लागतो, इंजिन ऑइल खाऊ लागतं. दोष मात्र ऑइलच्या कंपनीला!

कागदी फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाने फुंकावा, ३० पौंडांच्या आत. उलटं फुंकलं किंवा जमिनीवर आपटलं की कागद फाटतो. ऑइल-बाथ, म्हणजे वाटीतल्या ऑइलवर धूळ पकडणारा फिल्टर, असेल तर वाटीत खुणेपर्यंत ताजं ऑइल. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल तिथे वापरण्याची काटकसर करू नका.

काळं म्हणजे खराब, असं मात्र नाही. डिझेल इंजिनात ऑइल पहिल्या काही तासांतच काळवंडतं, कारण ते काजळी पोटात घेऊन फिरवत असतं आणि ते त्याचं कामच आहे. खरी परीक्षा टीपकागदावर. गरम इंजिनाच्या गेजचा (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचा) एक थेंब कागदावर सोडा, रात्रभर आडवा ठेवा. काळा रंग कडेपर्यंत फिका होत पसरला तर ऑइलमध्ये दम आहे. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि त्याला तीक्ष्ण कड, बाहेर नुसतं पिवळट वर्तुळ असं दिसलं तर काजळी गोळा व्हायला लागली. तास भरायची वाट न पाहता ते काढून टाका. जुना यांत्रिक तासमापी इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, आयडलला तो हळू सरकतो. तासन्‌तास आयडलवर उभा राहणारा ट्रॅक्टर मीटरवर तरुण दिसतो.

बदलताना इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा आणि ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा. ड्रेन उघडून १५-२० मिनिटं निथळू द्या. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा. रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नको. भरल्यावर रेस न देता प्रेशरचा दिवा विझेपर्यंत चालवा, बंद करून पाच मिनिटांनी गेज बघा. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल बहुधा ५० तासांनी असतो. तो टाळू नका, त्यात रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन रुळतानाचा, धातूचा चुरा निघून जातो.

गेजवरची पातळी कमी होणं सगळ्यांना कळतं. पातळी आपोआप वाढली तर आत डिझेल किंवा पाणी उतरतंय. गरम तव्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी, हेड गॅस्केट किंवा लायनरचं सील गेलं असेल. तडतड नाही पण डिझेलचा वास येतोय आणि ऑइल पातळ लागतंय, तर पंप किंवा नोझल बघायला मिस्त्रीला बोलवा, आणि तोवर ट्रॅक्टर सुरू करू नका.